क्यूब पास, तरी तडा का?

उन्हाळ्यात मोठ्या बांधकामावर एक संवाद हमखास ऐकू येतो. साइट इंजिनिअर म्हणतो, "साहेब, क्यूब सगळे पास आहेत." सल्लागार साहेब काही न बोलता स्लॅबकडे बोट दाखवतात. कालच ओतलेल्या त्या चकचकीत पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक चिरा पडलेल्या असतात. इंजिनिअर खोटे बोलत नसतो आणि साहेबही उगाच खोड काढत नसतात. काँक्रीट ठरलेल्या बळाचे आहे आणि ते तडकलेलेही आहे.

साध्या एम २० च्या घरबांधणीत हा प्रश्न फारसा छळत नव्हता. ग्रेड वाढली तसा तो वाढला. आपल्या आयएस ४५६ या संहितेत एम ६० पासून पुढचे काँक्रीट उच्च बलाचे मानले जाते. मुंबईत २००२ साली जे. जे. उड्डाणपुलासाठी एम ७५ वापरले गेले. २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूसाठी एम ६० दर्जाचे काँक्रीट होते. तेव्हा या गोष्टी महानगरापुरत्या वाटत. आता पुणे-बंगळूर महामार्गाच्या सहापदरीकरणात कराड-मलकापूर भागातही उंच पुलाचे काम निघाले आणि तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लांटकडे एम ४०, एम ५० मागणे ही नवलाई उरलेली नाही. एम ६० चे नियम एम ४० लाही थोडेफार लागू पडतात. म्हणून ओतल्यापासून पहिल्या काही दिवसांत काँक्रीट का आकसते, का तडकते आणि त्यावरच्या उपायांतले कोणते आपल्याकडे खरोखर चालतील, हे एकदा सलग तपासून पाहायला हवे.

तड्याचे घड्याळ

तडे एकाच कारणाने पडत नाहीत. पण प्रत्येक कारणाची वेळ ठरलेली असते. तडा कोणत्या वेळी दिसला एवढे नीट टिपून ठेवले, तर निम्मे निदान तिथेच होते.

पहिले काही तास प्लास्टिक आकुंचनाचे. काँक्रीट अजून ओले असते. खडी-वाळू खाली बसते, पाणी वर येते आणि वारा ते उचलून नेतो. वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारे पाणी जास्त झाले की पृष्ठभाग आवळला जातो आणि फाटतो. भर उन्हाळ्यातल्या दुपारचा हिशेब करून पाहा. हवा ३६ अंश, आर्द्रता २५ टक्के, वारा ताशी २० किलोमीटर आणि काँक्रीट ३४ अंशांवर असेल, तर बाष्पीभवनाच्या प्रचलित सूत्राने दर चौरस मीटरमागे तासाला सुमारे १.७ किलो पाणी उडते. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवरून तासाला १७० लिटर. धोक्याची रेघ साधारणपणे १ किलोवर धरतात. उच्च बलाच्या काँक्रीटमध्ये मुळात पाणीच कमी, त्यात मायक्रोसिलिका, म्हणजे सिलिकाची अतिबारीक भुकटी, असली तर वर येणारे पाणी जवळजवळ नसतेच. त्यामुळे त्याच्यासाठी ही रेघ अर्ध्या किलोवर किंवा त्याहूनही खाली आणावी लागते. आता तेच काम संध्याकाळी उशिरा धरा. हवा आणि काँक्रीट दोन्ही २८ अंश, आर्द्रता ४५ टक्के, वारा ताशी ८ किलोमीटर. त्याच सूत्राने आकडा ०.४७ वर येतो. मिश्रणात काहीही न बदलता, नुसती वेळ बदलून धोका साडेतीनपट घटला.

त्यानंतर पाळी येते स्वयंआकुंचनाची. उच्च बलाच्या काँक्रीटची खरी खोड हीच. सिमेंट आणि पाणी एकत्र येऊन जो पदार्थ बनतो, तो त्या दोघांच्या मूळ आकारमानापेक्षा कमी जागा व्यापतो. ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे १९०० सालीच दाखवले होते. १०० ग्रॅम सिमेंट पूर्ण मुरले की साधारण ६ घन सेंटिमीटर आकारमान नाहीसे होते. काँक्रीट मऊ असते तोवर ही तूट आतल्या आत भरून निघते. ते घट्ट झाले की आत सूक्ष्म पोकळ्या रिकाम्या होऊ लागतात, त्यांतल्या उरल्यासुरल्या पाण्याचा ताण भिंतींना आत ओढतो आणि अख्खे काँक्रीट आकसते. बाहेर एक थेंबही उडालेला नसताना ते आतून सुकते.

सिमेंटच्या पूर्ण मुरण्याला पाणी-सिमेंट प्रमाण ०.४२ च्या आसपास लागते. एम २० मध्ये ते ०.५ च्या वर असते, म्हणून आतल्या तहानेची भीती नाही. एम ६० ला आपण ०.३० वर आणतो. बळ त्यामुळेच येते आणि तहानही त्यामुळेच लागते. मायक्रोसिलिका पोकळ्या आणखी बारीक करते. पोकळी जितकी बारीक, ओढ तितकी जास्त.

पहिल्या दिवसापासून आठवड्यापर्यंतचा काळ उष्णतेचा. सिमेंट मुरताना तापते. जाड भागात दर घनमीटरला १०० किलो सिमेंटमागे साधारण १० ते १२ अंश वाढ धरतात. ४५० किलो सिमेंटचा पिअर कॅप किंवा जाड पाया म्हणजे ४५ ते ५४ अंशांची चढण, तीही ओततानाच्या ३२-३४ अंशांवर. बाहेरची कातडी रात्री निवते, गाभा तापलेलाच राहतो आणि कातडी फाटते. पुढे गाभा निवला की सगळा ठोकळा आकसू पाहतो आणि खालचा जुना थर त्याला धरून ठेवतो.

सर्वांत शेवटी वाळण्याचे आकुंचन, जे आठवडे-महिने चालते. आपल्या पुस्तकांत, परीक्षांत आणि साइटवरच्या चर्चेत याच एकाचा बोलबाला आहे. उच्च बलाच्या काँक्रीटमध्ये मात्र तडा पडायचा तो बहुधा याची पाळी येण्याआधीच पडून गेलेला असतो.

आकसू दिले तर तडकत नाही

क्यूब का तडकत नाही याचे उत्तर सोपे आहे. त्याला कोणी धरलेले नसते. १५० मिलिमीटरचा तो ठोकळा पाण्याच्या टाकीत निवांत पडलेला असतो. स्लॅबला कॉलम धरतात, भिंतीला पाया, डेकला गर्डर आणि सगळ्यांना सळ्या. आयएस ४५६ मध्ये चाचणीचे आकडे हाताशी नसतील तर एकूण आकुंचन ०.०००३ धरायला सांगितले आहे. दहा मीटर लांबीत ते ३ मिलिमीटर होते. हे ३ मिलिमीटर मोकळेपणी जाऊ दिले तर काही बिघडत नाही. अडवले तर ते ताणात बदलतात.

ग्रेड वाढवल्यावर नेमके काय वाढते ते पाहा. एम २५ वरून एम ६० वर गेलो की दाब सोसण्याचे बळ २.४ पट होते. संहितेच्या सूत्रांनी ताण सोसण्याची ताकद मात्र फक्त दीडपट होते, ३.५ वरून ५.४ मेगापास्कल. काँक्रीटचा ताठपणाही दीडपट वाढतो, म्हणजे त्याच आकुंचनाला ते दीडपट ताण निर्माण करते. त्यात स्वयंआकुंचन कित्येक पट वाढलेले. पूर्ण अडवलेल्या एम ६० मध्ये ०.०००२ एवढे आकुंचन झाले तर कागदावर ७.७ मेगापास्कल ताण येतो. प्रत्यक्षात कोवळे काँक्रीट हळूहळू सैलावते, ज्याला आपण क्रीप म्हणतो. त्यामुळे हा ताण बराच उतरतो. पण उच्च बलाचे काँक्रीट सैलावतेही कमीच. जे त्याला भारासाठी भक्कम करते, तेच त्याला आकुंचनापुढे हट्टी करते.

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेत १९९६ साली झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात तिथल्या एक लाखाहून अधिक पुलांच्या डेकना लवकरच आडवे तडे गेल्याची नोंद आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी रिचर्ड बरोज यांनी नव्या, बारीक दळलेल्या आणि झटपट बळ धरणाऱ्या सिमेंटकडे बोट दाखवले. आपल्याकडे ५३ ग्रेड म्हणजे उत्तम आणि ४३ ग्रेड म्हणजे दुय्यम, असा समज दुकानदारापासून घरमालकापर्यंत पसरलेला आहे. तड्यांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा उलटा ठरतो.

कोयनेने शिकवलेले

उष्णता आणि आकुंचन कसे आवरायचे हे पाहायला कराडकरांना फार दूर जायला नको. कोयना नदीच्या वरच्या अंगाला कोयना धरण उभे आहे, १०३ मीटर उंच आणि सुमारे ८०७ मीटर लांब. १९६४ च्या सुमारास पुरे झालेले हे धरण रबल काँक्रीटचे आहे, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवत उभारलेले. दगड तापत नाही आणि आकसतही नाही. जेवढी जागा दगडाने घेतली, तेवढे सिमेंट वाचले आणि तेवढी उष्णता टळली. शिवाय धरण एकसंध नाही, सुमारे १५ मीटर रुंदीच्या खंडांत बांधलेले आहे. काँक्रीट आकसणार हे गृहीत धरून त्याला आकसायला सांधे आधीच ठेवले होते.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात या धरणाच्या काही खंडांना आडवे तडे गेले. ते भूकंपाच्या हादऱ्याचे होते, आकुंचनाचे नव्हते. उतार जिथे बदलतो त्या पातळीजवळ ते उमटले. पुढे धरण बळकट केले गेले आणि ते आजही काम करते आहे. तडा पाहिला की आधी त्याची जात ओळखायची, मग औषध ठरवायचे, एवढे तरी त्या घटनेतून घ्यावे.

पुढच्या काळात महाराष्ट्रातच घाटघर प्रकल्पात रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे झाली. त्यांत फ्लाय अ‍ॅशचा वाटा मोठा ठेवून सिमेंट आणि उष्णता दोन्ही खाली आणली गेली. धरणबांधणीवाल्यांना सिमेंट कमी वापरण्यात कधी कमीपणा वाटला नाही. पूल आणि इमारती बांधणारे आपण मात्र भीती वाटली की दोन गोणी जास्त टाकतो.

मिश्रणातले उपाय

म्हणून पहिला उपाय सिमेंटला लगाम घालण्याचा. आयएस ४५६ घनमीटरला ४५० किलोची मर्यादा सांगते, तीही फ्लाय अ‍ॅश आणि स्लॅग न धरता. कारणेही तिथेच दिली आहेत. पातळ भागात वाळण्याच्या आकुंचनाने आणि जाड भागात सुरुवातीच्या उष्णतेने तडे जाण्याचा वाढता धोका हीच ती मुख्य कारणे. ही ओळ संहितेत २००० सालापासून आहे. तिची आठवण होते ती बहुधा तडे गेल्यावर.

बळ न घालवता सिमेंट कमी करायचे तर खडीची चाळणी नीट जमली पाहिजे. वेगवेगळ्या आकारांची खडी एकमेकींत घट्ट बसली की मधल्या फटी भरायला पेस्ट कमी लागते आणि आकसणारी वस्तू पेस्टच आहे. इथे आपल्या भागाला एक देणगी आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसाल्ट. तो ताठ असल्याने पेस्टला आकसू देत नाही आणि तापल्यावर क्वार्टझाइटच्या मानाने कमी पसरतो. उष्णतेच्या तड्यांविरुद्ध हे फुकटात मिळालेले संरक्षण आहे.

ही कमाई घालवते ती क्रश सँड. नदीच्या वाळूवर निर्बंध आल्यापासून क्रश सँडला पर्याय नाही आणि ती वाईटही नाही. पण धुतलेली, चाळलेली क्रश सँड आणि खडी क्रशरची डस्ट यांत फरक आहे. डस्ट जास्त असली की मिश्रण पाणी मागते. मग ट्रकमागे उभा असलेला माणूस पाइप आत सोडतो. प्लांटवर ग्रॅमने मोजलेला हिशेब तिथे बादलीने मोडतो.

फ्लाय अ‍ॅश हा दुसरा भरवशाचा उपाय. सिमेंटच्या २५ ते ३५ टक्के जागी ती घातली तर उष्णता उतरते आणि स्वयंआकुंचनही सहसा कमी होते. किंमत मोजावी लागते ती सुरुवातीच्या बळात. ताणलेल्या तारांच्या गर्डरला तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताण द्यायचा असतो, तिथे ठेकेदार कुरकुरतो. पण पाया, पिअर, राफ्ट यांना घाई नसते. त्यांचे बळ २८ ऐवजी ५६ दिवसांवर मोजायला काहीच हरकत नसावी. स्लॅगबद्दल मात्र सावध राहायला हवे. तो उष्णता कमी करतो, पण बारीक दळलेला असेल तर स्वयंआकुंचन वाढवू शकतो. मायक्रोसिलिका पैशाने आणि आकुंचनाने, दोन्हीकडून महाग, म्हणून ती गरजेपुरतीच.

आतून पाणी, बाहेरून रसायन

आतली तहान बाहेरच्या पाण्याने भागत नाही. उच्च बलाचे काँक्रीट इतके दाट असते की वरून मारलेले पाणी काही मिलिमीटरच आत जाते. म्हणून १९९१ साली अमेरिकेत फिलिओ यांनी सुचवले की पाणी पिऊन बसलेली हलकी, सच्छिद्र खडी मिश्रणातच घाला. पेस्टला तहान लागली की ती पाणी सोडेल. २००१ साली डेन्मार्कमध्ये येन्सन आणि हॅन्सन यांनी लहान मुलांच्या डायपरमध्ये असते तशी पाणी शोषणारी पावडर वापरून तेच साधले. हिशेब अवघड नाही. पाणी-सिमेंट प्रमाण ०.३० आणि सिमेंट ४५० किलो असेल तर घनमीटरला साधारण २४ लिटर पाणी असे आत साठवून द्यावे लागते.

आपल्याकडे भाजलेल्या फ्लाय अ‍ॅशच्या हलक्या खडीसाठी आयएस ९१४२ चा दुसरा भाग २०१८ साली आला आहे. त्यामुळे हा मार्ग आता कागदोपत्री मोकळा आहे. कराड-सांगली पट्ट्यात वीटभट्ट्या आणि साखर कारखाने दोन्ही आहेत, म्हणून विटांचा चुरा आणि बगॅसची राख यांकडे सहज लक्ष जाते. विटांचा चुरा पाणी धरतो खरा, पण त्याचे स्वतःचे बळ कमी. बगॅसच्या राखेत न जळलेला कोळसा राहतो आणि तिचा गुण भट्टीगणिक बदलतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी हे विषय उत्तम, पुलाच्या डेकसाठी अजून नाहीत.

आकुंचन कमी करणारी द्रव रसायने जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आली. ती पोकळीतल्या पाण्याचा पृष्ठताण उतरवतात, त्यामुळे ओढ कमी होते आणि आकुंचन तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटू शकते. ती महाग आहेत आणि बळ थोडे कमी करतात. टाकी, मोठा अखंड फ्लोअर, दुरुस्तीचा थर अशा ठिकाणी त्यांचा खर्च वसूल होतो. प्रसरण पावणारी द्रव्ये आकुंचनाआधी काँक्रीट थोडे फुगवून ठेवतात. पण त्यांना सुरुवातीचे पाणी भरपूर लागते. पाणी मारण्यातच जिथे हयगय होते तिथे ती वापरणे म्हणजे पैसे पाण्यात.

तंतूंबद्दल बाजारात फार बोलले जाते. घनमीटरला ९०० ग्रॅम पॉलिप्रॉपिलीनचे तंतू पहिल्या काही तासांतल्या चिरा चांगल्या रोखतात. पुढच्या उष्णतेच्या किंवा स्वयंआकुंचनाच्या तड्यांवर त्यांचा उपयोग फार थोडा. विक्रेता सगळ्या तड्यांवर एकच पुडी देत असेल तर ती घेण्याआधी तडे कितव्या तासाला पडले ते त्याला विचारावे.

पाणी केव्हा मारायचे

आपल्याकडची जुनी पद्धत अशी. आज स्लॅब ओतायचा, उद्या सकाळी वाफे करून पाणी भरायचे. एम २० ला ती चालून गेली, कारण त्याच्या पोटात पाणी शिल्लक होते. एम ५० ला दुसऱ्या दिवशीचे पाणी म्हणजे वरातीमागून घोडे. तड्याच्या घड्याळातल्या पहिल्या दोन वेळा रात्रीतच उलटलेल्या असतात.

नवी पद्धत तीन पायऱ्यांची हवी. घोटाई चालू असतानाच हवेत पाण्याचे धुके सोडायचे, जेणेकरून वारा काँक्रीटचे पाणी न घेता धुक्याचे घेईल. घोटाई संपताच प्लास्टिक कागद अंथरायचा किंवा क्युरिंग कंपाउंड फवारायचे. काँक्रीट घट्ट व्हायला लागले की ओले गोणपाट टाकून ते सतत ओले ठेवायचे. सकाळी भिजवले, दुपारी वाळले, संध्याकाळी पुन्हा भिजवले, असे आलटूनपालटून केल्याने फायद्यापेक्षा तोटाच होतो. संहितेनुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, उष्ण-कोरड्या हवेत आणि फ्लाय अ‍ॅशसारखी द्रव्ये असताना किमान १० दिवस पाणी हवे, मिश्र सिमेंटला ते १४ दिवसांपर्यंत वाढवावे. वरून दिलेले पाणी खोल जात नसले तरी ते पृष्ठभाग राखते, सळईवरचे कव्हर राखते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

जाड भागांसाठी उलटी काळजी. तिथे गाभा आणि कातडी यांतला फरक साधारण २० अंशांच्या आत आणि गाभा ७० अंशांच्या खाली ठेवायचा. त्यासाठी खडीच्या ढिगावर मांडव घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय. खडीचे तापमान दोन अंशांनी उतरले की काँक्रीटचे साधारण एक अंशाने उतरते. त्यानंतर थंड पाणी किंवा बर्फ. फळ्या लवकर काढून गरम काँक्रीटवर थंड पाण्याचा फवारा मारणे म्हणजे तडा हाताने पाडणे.

मोजाल ते मिळेल

हे सगळे नवे नाही. मग होत का नाही? कारण आपण मोजतो फक्त क्यूब. ठेकेदाराचे बिल क्यूबवर निघते, म्हणून तो क्यूबची काळजी घेतो. त्यात त्याचा दोष नाही. कॅनडातल्या माँट्रियल शहराने पाणी मारण्याची कामे निविदेत स्वतंत्र बाब म्हणून दाखवून त्यांचे वेगळे पैसे द्यायला सुरुवात केली आणि क्युरिंग आपोआप होऊ लागले. काँक्रीटचे ज्येष्ठ अभ्यासक पिएर-क्लोद ऐत्सिन यांनी हा दाखला वर्षानुवर्षे मांडला.

आपल्याकडे तीन गोष्टी आजपासून करता येतील. निविदेत क्युरिंगची वेगळी बाब आणि वेगळा दर असावा. एम ४० च्या वरच्या प्रत्येक मिश्रणाची मंजुरी केवळ क्यूबवर न देता कड्याच्या चाचणीवरही द्यावी. या चाचणीत पोलादी कड्याभोवती काँक्रीट ओततात आणि ते कितव्या दिवशी तडकते ते पाहतात. अडवलेले काँक्रीट कसे वागते हे सांगणारी याहून साधी चाचणी नाही. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून इथे आहे. कडे बनवणे कुठल्याही वर्कशॉपला जमण्यासारखे आहे. आणि तिसरी गोष्ट, मार्च ते मे या काळात मोठे स्लॅब आणि डेक संध्याकाळनंतरच ओतायचे. त्याला ना रसायन लागते ना परवानगी.

सगळे उपाय किमतीने मांडले तर सर्वांत महाग आहेत ती रसायने, त्याखालोखाल हलकी खडी, मग तंतू, मग फ्लाय अ‍ॅश. सर्वांत स्वस्त आहेत सिमेंट मोजून घालणे, खडीवर मांडव, ओतण्याची वेळ आणि घोटाई संपताच अंथरलेला कागद. आधी स्वस्तातले चार उपाय पुरते करावेत, मग महागाकडे वळावे. निविदा लिहिणाऱ्या अभियंत्याने २८ दिवसांच्या बळाची ओळ लिहिताना तिच्याखाली पहिल्या ७२ तासांच्या देखभालीची ओळही लिहावी, एवढीच विनंती.